ड्रोन फवारणीचा रिव्ह्यू : पाठीवरचा पंप उतरला, पण औषध कोण कालवते ते आधी पाहा

यंदा पऱ्हाटीवर (कपाशीवर) तीन फवारण्या ड्रोननं करून घेतल्या. १४ एकर वावर, काळी जमीन, यवतमाळ जिल्हा. तालुक्यातल्या एका महिला बचत गटाची सेवा आहे, आमच्याकडून एकरी ४५० घेतले, औषध अन पाणी आपलं. रोज कोणीतरी फोन करून विचारते की भाऊ कसं काय, परवडते का, अळी मरते का, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकतो. पण आधीच सांगतो, मी ड्रोन अळीसाठी लावला नाही, माणसासाठी लावला. म्हणून माझा रिव्ह्यू पण त्याच हिशोबानं वाचा, ज्याले फक्त अळीचा हिशोब पाहिजे त्यानं खाली जावं, तो पण दिला आहे.

२०१७ चा पावसाळा आमच्याकडं कोणी विसरलं नसेल. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, ओळीत माणूस शिरला की धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दिसतच नव्हता. गुलाबी बोंडअळीची धास्ती होती म्हणून जो तो दोन-दोन तीन-तीन औषधं एकातच कालवून मारत होता, अन तेव्हाच गावोगाव ते नवीन पंप आले होते ज्यातून एकदम धुक्यासारखा बारीक फवारा निघते. वरून उकाडा, वारा बंद. खाली मारायचं औषध माणसाच्या तोंडाबरोबर उडत होतं. जुलै ते ऑक्टोबर एवढ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात २० च्या वर शेतकरी-मजूर मेले, शेकडो लोक दवाखान्यात भरती, मग सरकारनं एसआयटी (विशेष चौकशी पथक) नेमली, पाच औषधांवर काही दिवसांची बंदी आली.

आमचे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीनं शेतात राबणारे, त्या शेकड्यातले एक. त्यांना आम्ही लहानपणापासून मामाच म्हणतो. त्या दिवशी औषध मी कालवून दिलं होतं, दुकानदारानं सांगितलं की हे अन हे मिसळा, एकाच्यानं भागत नाही, अन मी मिसळलं. लेबलवर लाल त्रिकोण होता तो मी पाहिला पण होता, पण लाल म्हणजे सगळ्यात जास्त विषारी, त्याच्या खाली पिवळा, मग निळा, मग हिरवा, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं, मला वाटे कंपनीचा मार्का असेल. मामांनी दुपारपर्यंत चौदा पंप मारले. तोंडाला ओला दुपट्टा, अंगात जुनी बनियान, पाय उघडे. पाठीवरचा पंप थोडा गळत होता, पाठ ओली झाली होती, ते म्हणे पाणीच हाय. चार वाजता धुऱ्यावर येऊन बसले अन म्हणाले, "भाऊ, मले समोरचं दिसून नाई रायलं." घाम असा की अंघोळ केल्यासारखा, तोंडातून लाळ, हाताची बोटं थरथर. गाडी मिळेपर्यंत एक तास गेला. डॉक्टरांनी टॉर्च मारून डोळे पाहिले, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती, त्यावरून त्यांनी लगेच ओळखलं की कोणत्या जातीचं औषध असेल अन अॅट्रोपिनची इंजेक्शनं, म्हणजे त्या विषाचा उतारा, सुरू केली. वॉर्डात खाटा पुरत नव्हत्या. रात्री मामा भ्रमात उठून पळायला पाहत म्हणून हात कापडानं खाटेला बांधून ठेवले होते. अकरा दिवसांनी घरी आणलं. ते वाचले, पण बाजूच्या खाटेवरचा पोरगा वाचला नाही, त्याची आई पायरीवर बसलेली मला अजूनही दिसते.

त्यानंतर मामांनी पंपाला हात लावला नाही, आम्हीही लावू दिला नाही. आता खरी गोष्ट सांगतो जी मी बरेच वर्षं कोणाजवळ बोललो नाही. मामांनी पंप ठेवला म्हणून फवारणी काही थांबली नाही. दुसऱ्या गावचे दोन मजूर यायला लागले, रोजानं. म्हणजे धोका गेला नाही, नुसता माणूस बदलला. त्यांना मी हातमोजे द्यायचो, चष्मा द्यायचो, एक वर्ष कृषी विभागाकडून मिळालेली किट पण दिली, पण भादव्याच्या उन्हात प्लास्टिकचा कोट घालून दुपारी दोन वाजता काम करून पाहा, अर्ध्या तासात माणूस चक्कर येऊन पडेल, त्यांनी तो काढून धुऱ्यावर ठेवला तर मी त्यांना काय बोलणार. तोंडाला बांधलेला ओला रुमाल तर कामाचा नाहीच, औषध त्यात मुरते अन मग तोच रुमाल दिवसभर नाकाशी. वाफेसाठी कोळशाची डबी असलेला मास्क लागते, साध्या कपड्यानं ते अडत नाही.

अन मजूर मेला तर काय, हेही माहीत असू द्या. सरकारची शेतकरी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे, त्यात मृत्यू झाला तर २ लाख मिळतात, फवारणीच्या औषधाची विषबाधा पण त्यात बसते. पण ती खातेदार शेतकऱ्याला अन त्याच्या घरातल्या एका माणसाला. सातबाऱ्यावर ज्याचं नावच नाही तो रोजंदारीचा मजूर त्यात बसत नाही. फवारा मारणारा तर बहुतेक तोच असते.

म्हणून ड्रोनचं ऐकलं तेव्हा मी बाकी काही विचारलं नाही, एवढंच विचारलं की वावरात माणूस शिरावा लागते का. नाही म्हणाले. मग लावला.

आता सेवा कशी आहे ते. बुकिंग फोनवर. पहिल्यांदा चार दिवस थांबावं लागलं कारण एक ड्रोन अन गावं वीस-पंचवीस, त्या चार दिवसांत तुडतुडे चांगलेच वाढले, मला रात्री झोप नव्हती, एकदा तर मजुरांना बोलावू असं मनात येऊन गेलं. दुसऱ्या वेळेपासून मी किडे दिसायच्या आधीच नंबर लावून ठेवला. ही या सेवेची सगळ्यात मोठी अडचण आहे, फवारणी वेळेवर झाली नाही तर माणूस परत पंपाकडेच जाते, अन जाणारच, पीक डोळ्यासमोर जळताना कोण थांबेल.

सकाळी साडेसहाला छोट्या हत्तीत (लहान टेम्पोत) सगळा संच येते, ड्रोन, बॅटऱ्यांचे पाच जोड, जनरेटर, दोन ड्रम. चालवणारी ताई शेजारच्या तालुक्यातली, ड्रोन दीदीवाली. ती केंद्राची योजना नोव्हेंबर २०२३ ला मंजूर झाली, देशात १५,००० बचत गटांना ड्रोन द्यायचे, ८० टक्के अनुदान, जास्तीत जास्त ८ लाख. ताईनं सांगितलं पंधरा दिवसांचं ट्रेनिंग होतं, पाच दिवस उडवायचं अन दहा दिवस शेतीतल्या फवारणीचं. तिच्याजवळ रिमोट पायलटचं सर्टिफिकेट आहे, मी मागितलं तर न चिडता दाखवलं. तुम्हीही मागा. आजकाल कोणीही ड्रोन घेऊन फिरते, भाचा उडवते, साळा उडवते, तसं नको.

तिनं आधी चारही धुऱ्यानं फिरून मोबाइलवर वावराचा नकाशा काढला. विहीर कुठं, बाभळी कुठं, लाइटचे तार कुठं, सगळं मार्क केलं. खालच्या रडारनं ड्रोन पिकाच्या दीड-दोन मीटर वर राहून आपोआप चढ-उतार घेते, टाकी रिकामी झाली किंवा बॅटरी उतरली की जिथं सोडलं तिथून लक्षात ठेवून परत येते अन पुन्हा तिथूनच सुरू करते. टाकी १० लिटरची, एका एकराला एक टाकी, सात-आठ मिनिटं. सगळं धरून साडेतीन तासांत काम आटोपलं. ताई पूर्ण वेळ वाऱ्याच्या पाठीकडच्या धुऱ्यावर उभी होती, म्हणजे फवारा तिच्यापासून दूर जाईल अशी. मधात एकदा वारा फिरला तर तीही जागा बदलून दुसऱ्या धुऱ्यावर गेली.

इथं एक हिशोब सांगतो, मी बसून काढला आहे. आमची ओळ चार फुटावर. एका एकरात ओळींची लांबी सव्वातीन किलोमीटरच्या वर भरते. लाइटच्या तारेखालचा एक एकर ड्रोननं सोडला, ते खाली सांगतो, उरलेले १३ एकर म्हणजे ४३ किलोमीटर. एका खेपेत एकच ओळ घेतली तर फवारणाऱ्याला एवढं चालावं लागते, दोन घेतल्या तरी २१ किलोमीटर, पाठीवर वीस किलोचं ओझं घेऊन, ओल्या पानातून, अन तेही स्वतःच मारलेल्या औषधात. पानं मांडीला घासतात, औषध कपड्यातून कातडीत जाते. श्वासातून जेवढं जाते त्यापेक्षा कातडीतून काही कमी जात नाही, हे आपल्याकडं लोकांना पटतच नाही. ते चालणं या मशीननं पूर्ण बंद केलं. या एका गोष्टीसाठी मी तिला पैकीच्या पैकी देतो, अन यात कोणी काही कमी-जास्त सांगितलं तर मी ऐकणार नाही.

आता मार्क कुठं कापले ते.

पहिल्याच दिवशी ताईसोबत एक पोट्टं आलं होतं, अठराएक वर्षाचं, औषध कालवायला. ते बाटलीच्या झाकणानं औषध मोजून रहायलं होतं, उघड्या हातानं, अन बादलीत काडीनं ढवळून मग काडी झटकून रहायलं होतं, थेंब उडून गालावर. माझ्या पोटात गोळाच आला. हे नीट समजून घ्या, हातपंपानं आपण एकरी दीडशे लिटर पाणी लावतो, ड्रोन १० लिटर लावते. औषध तेवढंच. म्हणजे टाकीतलं पाणी पंधरापट कडक. अन बाटलीतलं तर निव्वळ. सगळ्यात वाईट औषध कालवतानाच लागते, फवारताना नाही, कारण तिथं ते पाण्यात उतरलेलंच नसते. हातावर सांडलेलं चमचाभर निव्वळ औषध, विशेषतः ते ईसी वालं, म्हणजे तेलकट, पाण्यात टाकलं की दुधासारखं होणारं, कातडीतून लवकर आत जाते. १३ एकरात आपण तेरा टाक्या कालवतो, दिवसातून दुसरी वावरं पण असतात, म्हणजे ते पोट्टं दिवसाला तीस-चाळीस वेळा ती बाटली उघडते. अख्ख्या तालुक्याचं औषध एका पोराच्या हातातून जाऊन रहायलं आहे. मामाच्या पाठीवरून उतरलं ते याच्या हातावर आलं.

मी काम थांबवलं. घरून भांडे घासायचे मोजे आणले, ते पण पातळ, पण काही नसल्यापेक्षा बरे. ताईला बोललो, जरा जोरातच बोललो, नंतर वाईट वाटलं कारण ती म्हणाली, "दादा, ट्रेनिंगमध्ये शिकवलं हाय सगळं, पण सोबत येनाऱ्याले कोनी शिकवत नाई, अन ते पैसे पन आमालेच द्या लागते." खरं बोलली. पायलटला ट्रेनिंग आहे, सर्टिफिकेट आहे, हेल्परला काहीच नाही. दुसऱ्या फवारणीला ती स्वतः लांब मोजे, तोंडापुढं पारदर्शक शिल्ड अन मापाचा प्लास्टिकचा ग्लास घेऊन आली, अन तिसऱ्याला तर खाली तोटी लावलेली झाकणाची बादली. त्यात एकदाच औषध ओतायचं, झाकण लावून दांड्यानं ढवळायचं, तोटीतून टाकीत सोडायचं. थेंब उडायचं कामच नाही. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू आहे ती. दहा लाखाच्या मशीनसोबत ही बादली पहिल्या दिवसापासून पाहिजे होती, अन मला वाटते जिथं जिथं ड्रोन येते तिथं शेतकऱ्यानं फोनवरच सांगावं की झाकणाची बादली अन मोजे असतील तरच या. आपण गिऱ्हाईक आहो, आपण सांगितलं तर होते.

दुसरी गोष्ट त्याच्याहून वाईट होती. पहिल्या दिवशी नऊ वाजता बाजूच्या वावरात निंदणाच्या बाया आल्या. आठ-नऊ जणी, खाली वाकून, एकीच्या पाठीशी लेकरू. आमच्या धुऱ्यापासून असेल चाळीस-पन्नास फूट. वारा त्यांच्याकडं. ड्रोनच्या पंख्यानं फवारा खाली दाबला जाते हे खरं, पण कडेला तो उडते, बारीक थेंब आहे, अन आत्ताच सांगितलं तो पंधरापट कडक आहे. हातपंपाचा फवारा मारणाऱ्याच्या अंगावर येते, ड्रोनचा जो मारत नाही त्याच्या अंगावर येऊ शकते, ज्याला माहीतही नाही की आज इथं काय चालू आहे. मी पळत गेलो, ताईनं पण तेवढ्यात ड्रोन जागेवरच थांबवून फवारा बंद केला, हे तिचं चांगलं. बायांना समजावून पलीकडच्या टोकाला नेलं, कडेच्या ओळी दुसऱ्या दिवशी वारा उलटा झाल्यावर मारल्या. त्यातली एक मावशी मला म्हणाली, "अजी आमाले काय मालूम, आमी तं वरचं पाहाले थांबलो." सगळ्या तोंड वर करून ड्रोन पाहत होत्या.

तेव्हापासून माझा नियम, आदल्या दिवशी संध्याकाळी चारही बाजूच्या वावरवाल्यांना फोन. उद्या सकाळी फवारणी आहे, दहा वाजेपर्यंत कोणी येऊ नका, बैल धुऱ्याला बांधू नका, विहिरीवर झाकण टाका. ताईजवळ वारा मोजायचं छोटं यंत्र आहे, वारा वाढला की ती स्वतःच बंद करते. पण यंत्र वारा सांगते, बाया येणार आहेत हे सांगत नाही, ते आपल्यालाच पाहावं लागते.

पोरांचं पण सांगतो. ड्रोन आला की अर्ध्या गावातले पोट्टे वावरात. त्याचे पंखे साधे नाहीत, बोट गेलं तर बोट राहणार नाही. ताई दोरी बांधून वीस-पंचवीस फुटावर सगळ्यांना उभं करते, अन उतरल्यावर पंखे पूर्ण थांबल्याशिवाय हेल्परला जवळ जाऊ देत नाही. यात ती कडक आहे, मला आवडलं.

लाइटचे तार. आमच्या वावरातून ११ केव्हीची लाइन गेली आहे. ड्रोनच्या सेन्सरला झाड दिसते, खांब दिसते, पण बारीक तार पकडेलच असं नाही, म्हणून ताईनं लाइनच्या दोन्ही बाजूचा पट्टा सोडला, जवळपास एक एकर. आधी मला राग आला, पैसे द्यायचे अन एकर सोडायचा. पण ड्रोन तारेला लागून खाली पडला अन काढायला कोणी धावलं तर काय होईल हे डोळ्यापुढं आलं तेव्हा म्हटलं सोड बाई, बरोबर आहे. तो एक एकर मी स्वतः मारला, सकाळी सहाला, थंड्या वेळेत, पूर्ण कपडे अन कोळशाच्या डबीचा मास्क घालून. एक एकर असला की किट घालून राहता येते, दिवसभराचं काम असलं की नाही, हा माझा अनुभव.

उरलेलं पाणी. पहिल्या दिवशी टाकी धुतली अन ते पोट्टं नाल्याकडं निघालं. त्या नाल्यावर खाली जनावरं पाणी पितात. मी म्हटलं थांब, ते परत टाकीत भर अन वावरातच कडेच्या ओळीवर मार. तसं केलं. आता तसंच करतात. रिकाम्या बाटल्या मी भोकं पाडून वेगळ्या पोत्यात ठेवल्या, घरात एकही येऊ दिली नाही, काही घरी त्याच बाटलीत खायचं तेल ठेवलेलं मी पाहिलेलं आहे.

आता किड्यांचा हिशोब, ज्यासाठी बहुतेक जण थांबले असतील. पहिली फवारणी जुलैत, पऱ्हाटी गुडघ्याएवढी. मावा, तुडतुडे तीन दिवसांत साफ, हातपंपापेक्षा काही कमी नाही. दुसरी ऑगस्टात, ठीक. तिसरी सप्टेंबरात पऱ्हाटी दाटली तेव्हा फरक दिसला, वरची पानं स्वच्छ पण खालच्या पानाच्या पाठीमागं पांढरी माशी राहिली. पंख्याच्या हवेनं पानं उलटतात, औषध आत जाते, पण एकदम बुडाशी पाहिजे तेवढं पोचत नाही. दाट पिकात ताईनं वेग कमी केला अन एकराला दीड टाकी पाणी लावलं तर बरं पडलं, आधीच सांगून ठेवा. अन एक फायदा कोणी सांगत नाही, पाऊस उघडला की दुसऱ्याच दिवशी चिखल असतानाही फवारणी होते, काळ्या जमिनीत माणूस पाय टाकू शकत नाही, ट्रॅक्टर तर नाहीच.

गुलाबी बोंडअळीबद्दल मात्र कोणाच्याही बोलण्याला भुलू नका. ती एकदा बोंडात शिरली की ड्रोन असो की हातपंप, औषध तिला लागत नाही. त्यासाठी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, रोज सकाळी पतंग मोजा, एका सापळ्यात आठ पतंग अन तेही सलग तीन रात्री, तेव्हा फवारणीची वेळ आली समजा. आधी आम्ही शेजारच्यानं मारलं की मारायचो. यंदा सापळे मामांकडं दिले होते, ते रोज वहीत लिहायचे, त्यावर आमची एक पूर्ण फवारणी वाचली, म्हणजे तेरा टाक्या कमी कालवल्या. ड्रोनपेक्षा ते सापळे मला जास्त भारी वाटले खरं म्हणजे, कारण ती फवारणी कोणाच्याच अंगावर गेली नाही.

औषध पण बदललं. लाल त्रिकोणाचं घरात आणत नाही. मोनोक्रोटोफॉस ३६ टक्केवालं केंद्रानं २०२३ मध्ये बंद करायचं नोटिफिकेशन काढलं, तरी कोणी काउंटरखालून जुनं काढून देत असेल तर घेऊ नका. अन दोन औषधं मिसळायची नाहीत, दुकानदार काहीही म्हणो. ताई तर लेबल वाचल्याशिवाय टाकीत टाकतच नाही, मिक्स करून आणलं तर सरळ परत जाते. एका गावातून ती परत आली म्हणून लोक तिला नावं ठेवतात, मला तर तिच्याबद्दल सगळ्यात चांगलं तेच वाटलं.

पैसे. १३ एकराचे ५,८५० झाले. हातानं केलं असतं तर दोन गडी चार दिवस, ५०० रोजानं ४,०००. म्हणजे एका फवारणीमागं १,८५० जास्त, तीनचे मिळून ५,५५०. पाण्याची ने-आण वाचते ते वेगळं, दीडशे लिटरच्या जागी १० लिटर, बैलगाडीवर ड्रम आणायचं काम संपलं. दोन-तीन एकरवाल्याला एकटं परवडत नाही अन ताईलाही एवढ्यासाठी यायला परवडत नाही, त्यांनी चार-पाच जणांनी मिळून एकाच दिवशी नंबर लावावा, आमच्या बाजूच्यांनी तसंच केलं. ते जे आधीचे दोन मजूर होते त्यांचा रोज बुडाला हे पण खरं आहे, त्याचं काय. मी त्यातल्या एकाला यंदा ताईकडं हेल्पर म्हणून लावून दिलं, ते अठरा वर्षाचं पोट्टं कॉलेजला परत गेलं. हा माणूस मोजे न सांगता घालतो, कारण त्यानं पण २०१७ पाहिलं आहे.

मला मार्क विचाराल तर ताईला पाचपैकी पाच, मशीनला चार, अन वेळेवर येण्याला तीन. पहिल्या दिवशीच्या कालवण्याला मी शून्य देणार होतो पण त्यांनी सुधारलं म्हणून ते खोडलं.

एवढं एक लक्षात ठेवा, ड्रोन असो नसो. फवारणीनंतर कोणाला धूसर दिसलं, घाम फुटला, लाळ सुटली, मळमळलं, छाती भरली, तर "ऊन लागलं असेल" म्हणून झाडाखाली झोपवू नका. कपडे काढा, साबण-पाण्यानं अंग धुवा, १०८ ला फोन करा, अन औषधाची बाटली किंवा डबा सोबत न्या. कोणतं औषध ते डॉक्टरला कळलं तर उपचार लगेच चालू होते. मामांच्या वेळेस मी बाटली वावरातच विसरलो होतो, परत आणायला गेलो त्यात पाऊण तास गेला.

तिसऱ्या फवारणीच्या दिवशी मामा पहिल्यांदा वावरात आले, फवारणी चालू असताना, इतक्या वर्षांनी. दूर विहिरीजवळच्या कडुनिंबाखाली बसले, वारा कुठून आहे ते आधी माती उडवून पाहिलं मगच बसले. मला म्हणाले, "भाऊ, वास नाई येऊन रायला इथंवर." मग वही काढून सापळ्याचे पतंग लिहायला लागले. पुढच्या सोमवारचा नंबर लावून ठेवला आहे, पण मामांच्या वहीत कालचा आकडा तीन आहे, परवाचा चार, त्यामुळं बहुतेक रद्दच करीन, ताईला आज संध्याकाळी फोन करून सांगतो म्हणजे तिला दुसरं गाव घेता येईल.